हॅनफर्डच्या कामगारांना भरपाई : अर्ज कोणी आणि कसा करायचा?

नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठी हॅनफर्डला तयार झालं. १९४३ साली गावं उठवून उभारलेल्या या प्रकल्पात पुढे नऊ अणुभट्ट्या झाल्या. प्लुटोनियम बनवणारी शेवटची भट्टी १९८७ मध्ये थांबली. मागे उरल्या जमिनीखालच्या १७७ टाक्या आणि त्यांत सुमारे ५ कोटी ६० लाख गॅलन किरणोत्सारी कचरा. तो उपसण्याचं काम अजून चालूच आहे.

तिथे राबलेल्यांसाठी अमेरिकी काँग्रेसने २००० साली भरपाईचा कायदा केला. अर्ज तिथल्या कामगार खात्याकडे करायचा. त्याला फी लागत नाही.

कायद्याच्या 'भाग बी'त किरणोत्साराने झालेला कर्करोग आणि बेरिलियम या धातूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार येतो. एकरकमी दीड लाख डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मिळतो. 'भाग ई' विषारी पदार्थांमुळे जडलेल्या आजारांसाठी आहे. त्यात कमाईतली घट आणि शरीराचं नुकसान मोजून अडीच लाखांपर्यंत रक्कम देतात. पण ती कंत्राटदार आणि उपकंत्राटदारांच्या कामगारांनाच. टाक्यांजवळची वाफ छातीत गेलेला आजचा सफाई कामगारही इथे अर्ज करू शकतो.

कामगार हयात असेल तर ईई-१ फॉर्म, वारसांसाठी ईई-२. वारसांची खरी मेख इथे आहे : भाग बीमध्ये जोडीदार नसेल तर मोठी, कमावती मुलंही चालतात. भाग ईमध्ये मात्र वडील गेले तेव्हा मूल १८ च्या आत, पूर्णवेळ शिकत असेल तर २३ च्या आत, किंवा स्वतःचं पोट भरण्यास असमर्थ असावं लागतं. मृत्यूचा, लग्नाचा आणि जन्माचा दाखला जोडायचा. कर्करोग असेल तर पॅथॉलॉजीचा अहवाल हवाच.

सगळ्यात घाम काढतो तो नोकरीचा तपशील मागणारा ईई-३. घरच्यांना 'बाबा हॅनफर्डला होते' एवढंच ठाऊक असतं. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र नाव प्रकल्प चालवणाऱ्या ड्यूपॉन्ट किंवा जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं, नाहीतर कुणा पोटकंत्राटदाराचं. काम गुप्त, त्यामुळे घरी कुणी काही सांगितलेलंच नाही. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडाच्या जुन्या नोंदी शोधताना होतो तसलाच हा ताप. जुना बिल्ला, पगारचिठ्ठी, सोशल सिक्युरिटीची (अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेची) नोंद, जे सापडेल ते लावा. काहीच नसेल तर ईई-४ वर सहकाऱ्याचं किंवा नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र द्यावं.

१९४३ ते १९८३ या काळात (काही कंत्राटदारांच्या कामगारांसाठी १९९० पर्यंत) किमान २५० कामाचे दिवस भरले असतील आणि कर्करोग ठरलेल्या २२ प्रकारांपैकी असेल, तर किरणोत्साराचा डोस, म्हणजे शरीराला किती किरणोत्सार लागला ते, सिद्ध करावा लागत नाही. इतरांचा डोस जुन्या नोंदींवरून काढतात आणि आजार त्यामुळेच झाल्याची शक्यता ५० टक्के किंवा जास्त भरली तरच भाग बीचा दावा मंजूर होतो. दशकांपूर्वीच्या अपुऱ्या नोंदींवरचा हा हिशेब मला तरी कामगारावर अन्याय करणारा वाटतो.

डिसेंबर १९४९ मध्ये इथून मुद्दाम किरणोत्सारी आयोडीन हवेत सोडलं गेलं. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांना हा कायदा लागू नाही. त्यांनी हा अर्ज भरून उपयोग नाही.

अर्जावर आधी कामगार खात्याचा शिफारशीचा, म्हणजे अंतिम नसलेला, निर्णय येतो. तो विरोधात गेला तर ६० दिवसांत लेखी हरकत घ्या. वकील केलात तर पहिल्या अर्जासाठी तो मिळालेल्या रकमेच्या २ टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, हरकतीच्या कामाला १० टक्के.