‘रंगकामासह’

दिवाळी तोंडावर आली की ठाण्याच्या नौपाड्यात, नवी मुंबईच्या वाशीत इमारतींच्या गच्च्यांवरून दोर सुटतात आणि रंगारी झुल्यावर बसून खाली सरकू लागतात. पिस्ता की क्रीम, यावरून सोसायटीच्या सभेत भांडण झालेलं असतं. महापालिकेला विचारावं, असं मात्र कुणाच्या मनात येत नाही. यायची गरजही नाही. साध्या इमारतीला रंग देणं, गिलावा करणं ही किरकोळ दुरुस्ती समजली जाते आणि तिला बांधकाम परवानगी लागत नाही.

परदेशात या प्रश्नाला वेगळंच वळण लागलं. अमेरिकेतल्या चार्ल्सटनने १९३१ साली जुन्या वस्तीसाठी स्वतंत्र नियम केले. पुढे तिथल्या अनेक शहरांत उघड्या विटेच्या जुन्या भिंतीला रंग द्यायचा तर आधी नगर समितीपुढे जावं लागू लागलं. ठाण्यात असा नियम सुचलाच नसता, कारण राखायला उघडी वीट होतीच कुठे? भातखाचराच्या मातीची, तुसावर भाजलेली आपली वीट मऊ. कोकणचा चार महिन्यांचा पाऊस ती घटाघटा पिते. म्हणून वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर दरवर्षी चुन्याचा हात. आमच्या आजीच्या लेखी वीट दिसते ते घर म्हणजे पैसे संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं घर!

सरकारी यंत्रणेचं भिंतीकडे लक्ष गेलं ते सौंदर्यासाठी नव्हे, रोगराईपायी. ठाण्याला नगरपालिका १८६३ साली मिळाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोगी सापडलेली घरं रिकामी करून धुण्याची आणि भिंतींना चुना मारण्याची मोहीम निघाली. चुना म्हणजे जंतुनाशक, हे समीकरण कायद्यातही बसलं. १९४८च्या कारखाने अधिनियमात आतल्या भिंतींना दर चौदा महिन्यांनी सफेदी सांगितली होती. तैलरंग असेल तर पाच वर्षांनी पुन्हा रंग. वागळे इस्टेट या ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडनाही तेच. रंगाचा हिशेब महिन्यांत मांडणारा दुसरा कायदा मला तरी ठाऊक नाही.

रंगाला परवानगी हवी, हा विचार आपल्याकडे १९९५ साली मुंबईच्या वारसा नियमावलीतून आला. वारसा यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, फेरबदल, नूतनीकरण आणि त्यात ‘रंगकामासह’ काहीही करायचं तर महापालिका आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी हवी, आणि आयुक्तांनी वारसा समितीचा सल्ला घ्यायचा. गिलाव्याचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. २०२० साली राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तेव्हा यादीतल्या वास्तूंसाठीची ही चौकट ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनाही मिळाली. थोडक्यात, शेजारच्या दोन इमारतींपैकी एकीचा रंग सोसायटी ठरवते, दुसरीचा आयुक्त.

नवी मुंबईत यादीचा प्रश्न फारसा येत नाही. शहरच ते वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या स्थापनेनंतरचं, म्हणजे १९७० नंतरचं. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुद्दामच अशी आखली, की घरांच्या भिंती एकमेकांना चिकटणार नाहीत आणि मालकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येईल. मग रंगाबद्दल कोण कुणाला विचारणार? आज तिथे फेरी मारली की जांभळं घर, पोपटी घर, ग्रॅनाइट चढवलेलं घर, सगळं दिसतं. मला ते आवडतं. वास्तुकला शिकलेल्या मित्राला बघवत नाही.

आयुक्तांना रंगाशी काय देणंघेणं, याचं उत्तर मला ठाण्याच्या खारकर आळीतल्या एका जुन्या घराच्या जोत्यापाशी मिळालं. हातभर पोपडा निघाला होता. तो हातात घेऊन आडवा धरला, तर थर मोजता आले: तळाला चुना, त्यावर नीळ घातलेला चुना, मग रामरजेचा, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, डिस्टेंपर, आणि सर्वांत वर प्लास्टिक पेंट. चुन्यातून ओल बाहेर पडायची. प्लास्टिकने ती आत कोंडली, लोणा म्हणजे क्षार भिंतीला लागला आणि पाच थर एकदम सुटून आले. मागे वीट उघडी पडली होती. बोट लावलं तर तिची पूड होत होती.