रिपोर्ट केला म्हणजे तक्रार झाली असं नाही

कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट काढतं. फोटो तिचेच, खाली घाणेरडा मजकूर आणि तिचा मोबाइल नंबर. मैत्रिणींना कळतं, सगळ्या मिळून अकाउंट रिपोर्ट करतात आणि संध्याकाळपर्यंत ते उडतं. घरच्यांच्या जिवात जीव येतो. ‘अकाउंट तं गेलं ना, मंग आता पोलिसात कायले जाचं?’ नागपुरात महालात, जरीपटक्यात, हिंगण्याकडच्या होस्टेलांत, सगळीकडे पालकांचा प्रश्न हाच असतो. पुढे कधीतरी तेच फोटो घेऊन दुसरं अकाउंट उभं राहतं, कारण ज्याने पहिलं काढलं त्याला कोणी जाब विचारलेलाच नसतो.

रिपोर्ट कंपनीकडे जातो, मजकूर हटवण्यासाठी. तक्रार पोलिसांकडे जाते, माणूस शोधण्यासाठी. रिपोर्ट केला की पोलिसांना आपोआप कळतं आणि पोलिसांत गेलं की कंपनी लगेच मजकूर काढते, असे दोन्हीकडून गैरसमज आहेत. त्यात सगळ्यात जास्त भरडली जातात ती ज्यांना आधीच बोलायची भीती वाटते ती माणसं: अल्पवयीन मुलं, तरुण मुली, तृतीयपंथी, एकटे राहणारे म्हातारे.

आधी रिपोर्टचं पाहू. ॲपमधल्या तीन टिंबांवर बोट ठेवून ‘रिपोर्ट’ निवडलं की कंपनी तो मजकूर स्वतःच्या नियमावलीशी ताडून बघते. त्यात यंत्राचा वाटा मोठा असतो. भारताचा कायदा काय म्हणतो हा तिथला पहिला प्रश्न नसतो. म्हणून कधी कधी अगदी उघड त्रासाच्या पोस्टवरही ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही’ असं उत्तर येतं. मराठीतला, त्यातही वऱ्हाडी बोलीतला टोमणा यंत्राच्या डोक्यावरून जाऊ शकतो, त्यामुळे असं उत्तर आलं म्हणून आपलंच चुकलं असं कोणी समजू नये. इन्स्टाग्रामवर रिपोर्ट कोणी केला हे समोरच्याला सांगितलं जात नाही, तेव्हा त्या भीतीने थांबायचं कारण नाही.

बटणाच्या पलीकडे अजून एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०२१ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो, कुणाचं सोंग घेणं, चेहरा जोडून बनवलेला फोटो, अशा बाबतीत त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणीही या अधिकाऱ्याला लिहिलं, तर मजकूर हटवायला नियमांनी तेव्हाच २४ तासांची मुदत घातली. ‘तिच्या वतीने दुसऱ्या कोणीही’ ही तरतूद फार मोलाची आहे. मुलगी स्वतः लिहायच्या मनःस्थितीत नसेल तर तिची शिक्षिका लिहू शकते, वसतिगृहाच्या बाई लिहू शकतात. कंपनीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. या समित्या २०२३ साली स्थापन झाल्या.

आता तक्रार. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे ती देता येते. नागपुरात पोस्टरांवर १९३० हा नंबर सगळ्याच गोष्टींसाठी छापलेला दिसतो. तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. फोटो, पाठलाग, धमकी यांसाठी पोर्टलवर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही माहिती कळवता येते. पण नाव दिलं नाही तर पोलिसांना उलट काही विचारता येत नाही, ही त्याची मर्यादा.

पोर्टलवर तक्रार टाकली की पोच क्रमांक मिळतो. ती पोच म्हणजे एफआयआर नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून तपास करायच्या, गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. त्याच कलमामुळे ‘ही आमची हद्द नाही’ हे कारणही चालत नाही. मुलगी नागपुरात शिकते, घर गोंदियाला, त्रास देणारा पुण्यात, तरी सदर किंवा सीताबर्डी ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणून ठाण्यात गेल्यावर पीआय साहेबांना भेटण्याचा आग्रह धरावा. संमतीशिवाय खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं कलम ६६ई मध्ये येतं, दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरणं ६६सी मध्ये, आणि बाईने नको म्हटल्यावरही पुरुषाने मेसेजचा मारा करणं किंवा तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये.

या दोन वाटा जिथे एकमेकींना मिळतात ती जागा नीट समजून घेतली पाहिजे. कंपनीने मजकूर हटवला तरी तपासासाठी तो आणि त्याच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, असं २०२१ चेच नियम सांगतात. पोलिसांनी लेखी मागितलं की ७२ तासांच्या आत माहिती द्यायची, हेही त्यातच आहे. म्हणजे अकाउंट उडालं तरी माग संपलेला नसतो. पण तो मागायला तक्रार हवी, आणि त्या तक्रारीत नेमकं अकाउंट ओळखता आलं पाहिजे. सहा महिने गप्प बसलं की कंपनीवरची ही सक्तीही संपते.

म्हणून बटण दाबण्याआधी पाच मिनिटं थांबा. प्रोफाइलवर वर जाड अक्षरात दिसतं ते नाव कोणीही केव्हाही बदलू शकतं, त्याचा उपयोग थोडाच. खरी गरज असते ती युजरनेमची, प्रोफाइलच्या लिंकची आणि पोस्टच्या स्वतंत्र लिंकची. ‘शेअर’ मध्ये जाऊन लिंक कॉपी करा आणि एका कागदावर तारीख-वेळेसह उतरवा. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम आणि वेळ दिसली पाहिजे. पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी आणि फोन नंबरही. व्हॉट्सॲपवर तर जास्तच सांभाळायला हवं. तिथे एखाद्याचा रिपोर्ट केला की त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, आणि त्याच चौकटीत ब्लॉक करून चॅट डिलीट करण्याचाही पर्याय असतो. घाईत त्यावर टिक राहिली तर कंपनीकडे पाच मेसेज जातात आणि तुमच्या फोनमधून सगळी धमकी पुसली जाते. चॅट आधी एक्स्पोर्ट करा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात मांडताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असेल तर ते काम सोपं जातं.

अल्पवयीन मुलामुलीचा लैंगिक फोटो असेल तर मात्र वरचा स्क्रीनशॉटचा सल्ला लागू नाही. तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर ‘हे बघा काय चाललंय’ म्हणून पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, यांखाली गुन्हा ठरू शकतो. लिंक, युजरनेम, वेळ लिहून घ्या, फोटो फिरवू नका, आणि मुलाचा फोन आहे तसा पोलिसांना दाखवा. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने ‘आपसात मिटवू’ म्हणायला कायद्यात जागा नाही, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. हे पालकांना आधीच सांगितलं तर त्यांची निम्मी भीती जाते. १०९८ वर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

मुलांच्या बाबतीत एक धागा मात्र आपोआप जोडलेला आहे. असं चित्र सापडलं की अमेरिकी कंपन्यांना तिथल्या एनसीएमईसी या, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवावं लागतं, आणि २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाशी झालेल्या करारामुळे ती माहिती भारतातल्या पोलिसांपर्यंत येते. कंपनी, संस्था आणि सरकार एकत्र आल्यावर काय होऊ शकतं याचं हे ठळक उदाहरण. एनसीएमईसीनेच २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ सुरू केलं. फोटो कुठेही पाठवायचा नाही, मुलाच्या स्वतःच्या फोनवरच त्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा तयार होतो, तेवढाच पुढे जातो. सहभागी कंपन्या त्या आकड्याशी जुळणारं चित्र आपल्याकडे शोधून हटवतात. अठरा वर्षांवरच्यांसाठी असंच काम ‘स्टॉप एनसीआयआय’ २०२१ पासून करतं. ‘फोटो अजून टाकला नाही, पण टाकीन’ अशी धमकी आली असेल तेव्हा याचा उपयोग मोठा आहे, कारण पोस्ट पडायच्या आधीच हे करता येतं. ही सोय रिपोर्टच्या बाजूची आहे. धमकी देणाऱ्यावर कारवाई हवी तर तक्रार वेगळी द्यावीच लागते.

धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा आंबेडकर जयंती जवळ आली की जातीवरून घाण लिहिणारे काही जण निघतात. तिथे रिपोर्टने पोस्ट जाईल, पण अट्रॉसिटीचा गुन्हा ठाण्यातच नोंदतो आणि त्याचा तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी करतो. पोस्ट उडायच्या आत लिंक जपणं इथे फार गरजेचं.

डेटिंग ॲपवर ओळख काढून, भेटायला बोलावून, मग व्हिडिओ घरच्यांना दाखवीन म्हणून पैसे उकळणं, हे समलिंगी तरुणांच्या बाबतीत घडतं. ते रिपोर्ट करतात, ब्लॉक करतात, ठाण्याची पायरी मात्र चढत नाहीत. पोलिसांकडूनच घरी कळेल ही भीती असते, आणि ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाही आणि खंडणी गुन्हा आहे, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी या समाजासोबत काम करणारी संस्था सोबत आली तर तक्रार द्यायचं धाडस होतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. शहर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये २०१७ पासून समुपदेशन आणि कायद्याची मदत एका छताखाली आहे.

म्हाताऱ्यांना ‘डिजिटल अरेस्ट’ च्या नावाने, म्हणजे फोनवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालून, लुबाडतात तेव्हा रिपोर्टचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे आधी १९३०, लगेच बँक. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि त्या यंत्रणेत बँका जोडलेल्या असल्याने मधेच कुठे तरी ते गोठवता येतात, जितकं लवकर कळवाल तितकं जास्त. शाखेतल्या क्लार्कने घाबरलेले आजोबा एकदम एफडी मोडताना पाहिले आणि ‘काका, फोनवर कोण आहे?’ एवढं विचारलं, तरी पैसे जाण्याआधीच डाव मोडू शकतो.

शाळेत सायबर जनजागृतीचा एक तास होतो, पोलीस अधिकारी येतात, फोटो निघतात, मुलं टाळ्या वाजवतात. माझं ठाम मत आहे की त्यापेक्षा शाळेत एकच बाई किंवा सर असे असावेत ज्यांच्याकडे तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत: कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यांचे पत्ते, ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्याचा नंबर आणि विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर. मुलीला चार ठिकाणी तेच तेच सांगत फिरावं लागू नये म्हणून त्यांनी तिचं म्हणणं एकदा नीट लिहून घ्यावं आणि तोच कागद पुढे न्यावा.

आणि घरच्यांनी एक करू नये. प्रकरण कळलं की पहिला राग मुलीच्या फोनवर निघतो, तो काढून घेतला जातो, सिम तोडलं जातं. अकाउंटचं लॉगिन त्यात आहे, पोर्टलचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे, धमकीचे मूळ मेसेज त्यातच आहेत. तो फोन चार्ज करून तिच्याच हातात ठेवा आणि तिच्यासोबत ठाण्यात जा.