घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा छंद

पोटापाण्यासाठी नाही, नुसत्या हौसेखातर घरच्या घरी सर्किटं जोडणं, बंद पडलेल्या वस्तू उघडणं आणि त्यातल्या काही परत चालू करणं याला घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा छंद म्हणतात. हा छंद साधारण बारावी सायन्स किंवा डिप्लोमाच्या वयात लागतो, काहींना त्याच्याही आधी, चालू रेडिओ उघडून ठेवला म्हणून मार खाल्ल्यावर. लोकांना वाटतं हा वस्तू बनवायचा छंद आहे, पण खरा वेळ जातो तो शोधण्यात, म्हणजे तो पार्ट कुठल्या डब्यात ठेवला आणि सर्किट का चालत नाहीये. बहुतेक प्रोजेक्ट अर्धवटच राहतात. पूर्ण होतात ते ज्यांची घरात कोणीतरी वाट बघत असतं तेच, त्याबद्दल खाली.

सामान आणि बाजार

सुरुवातीला लागतं काय तर २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर (वितळवून पार्ट जोडायची मऊ धातूची तार), मल्टीमीटर (व्होल्ट, करंट, रेझिस्टन्स मोजायचा मीटर), कटर आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचून सर्किट जोडायची छिद्रांची पाटी). सोल्डर शक्यतो ६०/४० घेतात, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, तो १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या मध्ये वितळतो. तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून सांधा साफ करणारा पदार्थ) असतो आणि धूर निघतो तो त्याचाच, शिशाचा नाही, तरी खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवूनच जेवायला बसावं. स्वयंपाकघरातून "काय जळतंय रे?" अशी हाक आली की समजायचं काम सुरू झालं.

पार्ट ठेवायला श्रीखंडाचे डबे आणि मिठाईचे बॉक्स. एका डब्यात रेझिस्टर (करंटला अडवणारे), एकात ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे), आणि एक मोठा डबा "बाकी सगळं" असा, जो दरवर्षी वाढत जातो. रेझिस्टरवरचे रंग सुरुवातीला पाठ करावे लागतात (तपकिरी १, लाल २, नारिंगी ३ वगैरे), नंतर तपकिरी-काळा-नारिंगी दिसलं की १० के (म्हणजे १० हजार ओहम) हे आपोआप कळतं. पण पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, त्यामुळे अनुभवी माणूससुद्धा मीटर लावून बघतोच.

खरेदीला मुंबईकर लॅमिंग्टन रोडला जातात, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण ते सांगून पत्ता विचारला तर समोरचा जरा विचारात पडतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे काउंटरवर यादी नसेल तर उभं राहू नये, मागे गर्दी असते, आणि "काका, एक बीसी५४७ द्या" (हा एक साधा छोटा ट्रान्झिस्टर) म्हटलं की काका एकदा आपल्याकडे बघतात आणि दहा मोजून देतात. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूला एक कसली मागायची! याशिवाय जुना बाजार, भंगारवाला आणि घरातला मेलेला सीएफएल किंवा यूपीएस हे फुकटातले सोर्स.

सप्लाय

पहिला खरा प्रोजेक्ट बहुतेकांचा पॉवर सप्लाय, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टपासून सर्किटाला लागणारे थोडे व्होल्ट बनवणारा, असतो आणि पहिला स्फोटही तिथेच होतो. माझाही झालाय. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे), एक कंडेन्सर (व्होल्टचे चढउतार सपाट करणारा), पुढे ७८०५ (कायम ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर). मी विचार केला १२ व्होल्ट आहेत तर १६ व्होल्टपर्यंत चालणारा कंडेन्सर पुरेल. पण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे आरएमएस (एसीची एक प्रकारची सरासरी) असतात, शिखर त्याच्या १.४१ पट म्हणजे जवळपास १७, त्यातून डायोडचे ०.७ गेले तरी १६ च्या वरच, आणि लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर त्याहूनही जास्त देतो. दहाएक मिनिटं सगळं मस्त चाललं, मग कंडेन्सरचं डोकं फुगलं, फट्, आणि खोलीभर असा वास की आजी म्हणाली मासे कोणी आणले. तेव्हापासून तिथे २५ व्होल्टचाच लावतो.

दुसरी गोष्ट गरम होण्याची. १६ आत, ५ बाहेर, म्हणजे ११ व्होल्ट ७८०५ स्वतःच खातो, त्यातून ०.३ अँपियर ओढला तर ३.३ वॅट नुसती उष्णता. हीट सिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा) लावला नाही तर तो स्वतःला बंद करून घेतो, थंड झाला की परत चालू, आणि आपण तासभर सर्किटात फॉल्ट शोधत बसतो.

२३० व्होल्टच्या बाजूला काम करताना प्लग काढायचा, स्विच बंद केला एवढ्यावर भागवायचं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असणं अगदी कॉमन आहे, म्हणजे तो बंद असला तरी फेजची तार आत जिवंतच.

गणपती आणि टाकी

ज्या प्रोजेक्टला तारीख असते तो पूर्ण होतो, आणि मराठी घरात सगळ्यात पक्की तारीख गणेश चतुर्थीची. मखराची रनिंग लाइट हे या छंदाचं क्लासिक काम, त्यात ५५५ टायमर आणि सीडी४०१७ काउंटर या दोन चिप. ५५५ हा हान्स कामेनझिंडने सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये डिझाइन केला, बाजारात आला १९७२ मध्ये, आणि अजूनही गल्लीत हातोहात मिळतो. तो ठोके देतो, ४०१७ त्या ठोक्यांवर आपले दहा आउटपुट एकामागून एक चालू करतो. ५५५ ला १० के आणि १०० के चे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावले तर सेकंदाला साधारण ७ ठोके पडतात, म्हणजे उजेडाची एक फेरी दीड सेकंदाच्या आत. फार जोरात पळाली तर आरतीला उभ्या माणसांना गरगरतं म्हणून १०० के च्या जागी पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावून ठेवतात, मग येणारा प्रत्येक भाचा तो फिरवून बघतो.

दुसरं कायमचं काम म्हणजे टाकी भरली की वाजणारा अलार्म. साधा उपाय असा की टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तारा सोडायच्या, पाणी तारेला लागलं की बीसी५४७ च्या बेसला (त्याला चालू करणाऱ्या पायाला) करंट मिळतो आणि एलईडी किंवा बझर चालू होतो. पहिला महिना घरात कौतुक होतं. मग डीसीमुळे इलेक्ट्रोलिसिस होऊन पॉझिटिव्ह तांब्याची तार झिजत जाते, हिरवट थर बसतो, आणि एक दिवस पाणी जिन्यावरून वाहतं तरी बझर गप्प. तांब्याच्या ऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले तर बराच फरक पडतो, फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून वर आला की चालू होणारा) त्याहून बरा. हल्ली लोक ईएसपी८२६६ (वायफायची छोटी चिप) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) लावून मोबाइलवर लेव्हल बघतात, दिसतं छान, पण वॉटरप्रूफ सेन्सरला साधारण २०-२५ सेंमीच्या आत आलेलं पाणी दिसतच नाही, म्हणजे टाकी भरत आली की नेमकं तेव्हाच आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. सेन्सर झाकणाच्याही वर पाइपचा तुकडा लावून बसवला की हे थांबतं, फक्त पाइप रुंद घ्यायचा, नाहीतर त्याच्या भिंतीवरूनच प्रतिध्वनी येतो.

शेजारपाजार

सोसायटीत एकदा नाव झालं की मिक्सर, इमर्जन्सी लाइट, नातवाची रिमोटची गाडी असं सगळं दारात येतं. मिक्सरमध्ये बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात, लाइटची बॅटरी गेलेली असते, आणि गाडीतल्या सेलच्या स्प्रिंगला गंज असतो जो पॉलिश पेपरने दोन मिनिटांत निघतो. तरी वस्तू लगेच परत द्यायची नाही, संध्याकाळी द्यायची. दोन मिनिटांत दिली तर दुसऱ्या दिवशी फ्रिजबद्दल विचारायला येतात.