सिलिंडरचा गिझर आणि पाइपचा गिझर

बडोद्यात घरी पाइपचा गॅस आला की शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोंडं, बदलले जातात. गिझरकडे मात्र पुष्कळदा कुणाचं लक्षच जात नाही. गॅस तो गॅसच, सिलिंडरचा होज काढून नव्या लाइनला जोडला की झालं, असं वाटतं. दांडिया बाजारातला जुना वाडा असो की नव्या वस्तीतला फ्लॅट, चूक होते ती इथेच. गिझरच्या अंगावरच्या पट्टीवर ‘एलपीजी’ (सिलिंडरचा गॅस) किंवा ‘पीएनजी’ (पाइपचा गॅस) असं लिहिलेलं असतं. होजला हात लावण्याआधी ते वाचायचं.

फरक सुरू होतो दाबापासून. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबारने येतो, पाइपच्या लाइनीत तो 21 मिलिबारच्या आसपास असतो. शिवाय एक घनमीटर एलपीजी जळून जेवढी उष्णता मिळते, तेवढी मिळवायला पीएनजी अडीचपटीहून जास्त लागतो. म्हणून पीएनजीच्या जेटचं छिद्र मोठं असतं, व्यासाने साधारण 35 ते 40 टक्के. आकडा लहान दिसतो, पण छिद्राचं क्षेत्रफळ त्यात जवळजवळ दुप्पट होतं.

आता अदलाबदल झाली तर काय होतं ते पाहा. एलपीजीचा गिझर पाइपच्या गॅसवर लावला, तर उष्णता जेमतेम निम्मी मिळते. ज्योत बुटकी राहते, टकटक आवाज होऊन गिझर बंद पडतो, पाणी कोमट येतं. त्रास होतो, पण लगेच कळतो. उलट बाजू घातक आहे. पीएनजीच्या मोठ्या जेटमधून एलपीजी सोडला, तर गॅस गरजेच्या दुप्पट येतो आणि त्याला पुरेल एवढी हवा बर्नरला मिळत नाही. ज्योत पिवळी आणि लांब होते, वरच्या तांब्याच्या पातळ पात्यांमध्ये काजळी साठते, धुराची वाट बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. पाणी मात्र छान कढत येतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

सुई किंवा ड्रिलने जेटचं छिद्र मोठं करून देणारे कारागीर भेटतात. त्यांना हे करू देऊ नका. गिझरच्या बर्नरखाली जेट ओळीने बसवलेले असतात. हाताने पाडलेली छिद्रं सारखी येत नाहीत, काठ खडबडीत राहतात आणि गॅसची धार वाकडी जाते. कंपनीचा रूपांतर-संच मिळत असेल तर तो कंपनीच्याच माणसाकडून बसवून घ्यावा, नाहीतर गिझर बदलावा. आणि सिलिंडरचा रेग्युलेटर पाइपच्या लाइनीत कधीच बसवायचा नाही. त्या लाइनीचा रेग्युलेटर मीटरपाशी वेगळा असतो.

गळतीचं वागणंही दोघांचं निराळं. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो. त्याच्यासाठी झरोका खाली हवा. पीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताशी, माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साठतो. त्याला वरचा झरोका हवा. अलार्म लावायचा तर एलपीजीसाठी जमिनीपासून फूटभर वर, पीएनजीसाठी छतापासून फूटभर खाली. जागा चुकली की अलार्म असून नसल्यासारखा. जोड तपासायला दोन्हीकडे साबणाचा फेसच, काडी नाही. पाइपवाल्यांना एक सोय जास्त आहे: शेगडी, गिझर सगळं बंद करून मीटरचे शेवटचे आकडे पंधरा मिनिटं पाहायचे. ते सरकले, तर कुठेतरी गळतंय. रबरी होज दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीच्या आरपार नको, आणि पाच वर्षांनी बदलायचाच. गिझर त्याहून दूर असेल तर तिथवर धातूचा पक्का पाइप आणि शेवटी हाताशी येईल असा वॉल्व्ह हवा.

इथपर्यंत सगळा फरकच फरक. पण ज्योत पेटली की तो संपतो, आणि लोकांचा दुसरा घोटाळा इथे होतो. पीएनजी हलका, वर निघून जातो, म्हणून पाइपचा गिझर बाथरूममध्ये चालतो, असा समज आहे. वर जातो तो न जळलेला गॅस. जळायला लागणारी हवा तेवढ्याच उष्णतेला दोघांनाही जवळजवळ सारखीच लागते. हिशोब करून बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण सव्वा घनमीटर पीएनजी जाळतो आणि त्यासाठी बारा घनमीटर हवा मागतो. चार फूट बाय पाच फूट, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेचार घनमीटर. म्हणजे खिडकी बंद असेल, तर दहा मिनिटांच्या आंघोळीत जवळजवळ निम्म्या हवेतला ऑक्सिजन संपतो. तो कमी होत गेला की ज्वलन अपुरं राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुडघे लुळे पडतात, आणि दाराला आतून कडी असते. असं कुणी सापडलं तर दार उघडून त्यांना आधी मोकळ्या हवेत आणायचं, गॅसचा वॉल्व्ह बंद करायचा आणि 108 ला फोन लावायचा.

म्हणून गॅस कोणताही असो, गिझर बाथरूमबाहेर हवा: उघड्या बाल्कनीत किंवा वाड्याच्या चौकात. आत फक्त गरम पाण्याचा नळ जाईल. धुराची नळी चढतीच न्यायची आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे ठेवायचं. चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये सोडली तर धूर शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. जाळी लावली नाही तर कबुतरं घरटं करतात.

नळीवाला गिझर बसवून झाला आणि जोडांवर एकही बुडबुडा उठला नाही, की मग धुराची चाचणी. दारं-खिडक्या जानेवारीत असतात तशा बंद करायच्या, घरातले एग्झॉस्ट फॅन चालू करायचे, कारण पंख्याची ओढ धूर उलटा खेचू शकते. गिझर पाच मिनिटं चालू द्यायचा. मग पेटवलेली उदबत्ती वरच्या झाकणाच्या कडेशी धरायची. तिचा धूर आत ओढला गेला तर नळी काम करतेय. धूर तोंडावर परत आला, तर तिथल्या तिथे गिझर बंद करायचा, आणि नळी सुधारून पुन्हा उदबत्ती धरल्याशिवाय तो चालू करायचा नाही.