मुलगा पहिल्यापासून होता

अन्न नाकारून झिजत जाण्याचा आजार मुलींचाच, असं आपण धरून चालतो. पण लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात क्षय नसतानाही झिजत चाललेल्या दोघांच्या हकिकती आहेत. एक तरुण मुलगी आणि दुसरा धर्मोपदेशकाचा १६ वर्षांचा मुलगा. अतिअभ्यासाने आणि मनाच्या घालमेलीने मुलाची अन्नावरची वासना उडाली, असं मॉर्टनचं निदान. पुस्तकं बंद कर, गावाकडच्या हवेत जा, घोड्यावरून रपेट कर, दूध पी, असं त्याने सांगितलं. मुलगी दगावली, मुलगा बराचसा सावरला.

पुढे १८७३ मध्ये इंग्रज डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हटलं. आधी त्यांच्या मनात 'हिस्टेरिया'वरून नाव होतं. पण त्या शब्दाचं मूळ ग्रीक 'गर्भाशया'त आहे, आणि हा आजार पुरुषांनाही होतो, हे गल यांनी स्पष्ट लिहिलं. म्हणजे नाव ठेवतानाच मुलग्यांची आठवण होती. तरीही मुलगे विसरले गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

१९४० च्या सुमारास काही मनोविश्लेषकांनी उपाशी राहण्यामागे गर्भधारणेची भीती शोधली. त्यात मुलगा बसणार कुठे? पुढे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत मुलींची पाळी थांबणं हा निकष आला, तो २०१३ मध्ये निघाला.

उपासमार मनाचं काय करते, हे मात्र आपल्याला पुरुषांनीच शिकवलं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. दिवसभर डोक्यात जेवण. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांचं समाधान होईना.

मुलग्यांची धास्ती पुष्कळदा जाड होण्याची नसते, किरकोळ दिसण्याची असते. १९९३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांना पिळदार शरीराचे व्यायामपटू भेटले, आणि तरी ते स्वतःला काटकुळे समजत. त्याला त्यांनी 'उलटा ॲनोरेक्सिया' म्हटलं.

वानखेडेवर २००२ मध्ये शर्ट काढून गरगर फिरवत धावलेला इंग्लंडचा क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ आठवतो? वजनावरून टिंगल झाल्यावर तो विशीतच खाल्लेलं ओकून टाकू लागला होता. २०२० मध्ये बीबीसीच्या माहितीपटात त्याने हे उघड सांगितलं, तोवर त्याने उपचार घेतले नव्हते.