आनुवंशिकतेचे नियम

मातापित्यांची जनुके (गुण ठरविणारे आनुवंशिक घटक) संततीत ज्या रीतीने उतरतात, त्या रीतीसंबंधीचे नियम. त्यांचा पाया ग्रेगोर मेंडेल (१८२२–८४) यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत सुमारे १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांनी घातला. त्यांचा निबंध १८६५ मध्ये वाचला गेला व १८६६ मध्ये छापला गेला. १९०० मध्ये द फ्रीस, कॉरेन्स व चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे नियम पुन्हा उजेडात आणले असे सांगतात. चेर्माक यांना त्यांचा अर्थ कितपत उमगला होता याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद असून पहिल्या दोघांना श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. युग्मकात (नर वा मादी जननपेशीत) त्यांपैकी एकच जाते (विभक्तीकरण). वेगवेगळ्या जोड्या सामान्यतः एकमेकींवर अवलंबून न राहता वाटल्या जातात. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके याला अपवाद होत.

सोलापूर जिल्ह्यातील पिकांत हे नियम रोज दिसतात. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेल्या मालदांडी ३५-१ या रब्बी ज्वारीत बहुतांशी स्वपरागण (स्वतःच्याच परागांनी फलन) होते. त्यामुळे तिच्या जनुकजोड्या जवळजवळ एकसारख्या असतात आणि घरचे बी पेरले तरी वाण टिकतो. संकरित ज्वारीचे बी राखून पेरले, की दुसऱ्या पिढीत काही ताटे उंच, काही बुटकी निघतात व कणसे मागेपुढे पक्व होतात. डाळिंबही बियांपासून मूळ झाडासारखे येत नाही. म्हणून फांदीची साल वर्तुळाकार काढून, ओले शेवाळ प्लास्टिकने बांधून गुटी केली जाते. नवे वाण मात्र संकरातूनच मिळतात : गणेश व गुल-ए-शाह या वाणांच्या संततीतून मृदुला आला. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा ‘सोलापूर लाल’ हाही संकरित वाण आहे.

मेंडेल यांच्या आकड्यांचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. दुसऱ्या पिढीत त्यांना ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ ३ : १. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये हे आकडे अपेक्षेशी फारच जुळतात, असा आक्षेप घेतला. त्यांचा मुख्य रोख पुढच्या पिढीच्या चाचणीवर होता. प्रभावी (एकाच प्रतीनेही दिसणाऱ्या) लक्षणाचे रोप मिश्र, म्हणजे दोन वेगळ्या प्रतींचे, आहे की शुद्ध, म्हणजे दोन सारख्या प्रतींचे, हे पाहण्यासाठी मेंडेल त्याच्या दहा बिया पेरत. मिश्र रोपाच्या दहाही बियांतून प्रभावी लक्षणच दिसण्याची संभाव्यता (३/४)¹⁰, म्हणजे सुमारे ५.६ टक्के असते. तितकी मिश्र रोपे शुद्ध समजली जाणार. तेव्हा मिश्र व शुद्ध रोपांचे गुणोत्तर २ : १ न येता सुमारे १.७ : १ यायला हवे. मेंडेल यांची बेरीज ३९९ : २०१ आहे. दहापेक्षा अधिक बिया पेरल्या असाव्यात, किंवा अपेक्षित उत्तर ठाऊक असलेल्या मदतनिसाने मोजणीत नकळत झुकते माप दिले असावे, अशी स्पष्टीकरणे दिली गेली. यांपैकी कोणतेही निर्णायक नसले, तरी हेतुपुरस्सर फसवणुकीचा आरोप टिकत नाही. नियमांना त्याने बाधाही येत नाही, कारण इतरांच्या मोजण्यांतही ३ : १ हेच गुणोत्तर आले.

काही गुण या चौकटीत बसत नाहीत. ज्वारीच्या ताटाची उंची मुख्यतः चार जनुकांवर अवलंबून असते, त्यामुळे उंच व बुटके असे दोनच ठळक गट पडत नाहीत. नरवंध्यत्व (कार्यक्षम पराग न तयार होणे) पेशीद्रव्यातून, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरील भागातून व केवळ मातेकडून, येऊ शकते. ज्वारीतील अशा पेशीद्रव्याचा एक प्रकार मालदांडीतूनच मिळालेला असून तो मिलो या ज्वारीतून मिळालेल्या प्रकाराहून वेगळा मानतात.