कार्यकारी नियंत्रण (मेंदूचे)

काय साधायचे ते ठरवणे, त्यासाठी कामांचा क्रम लावणे, मध्येच उसळणारी ऊर्मी आवरणे आणि परिस्थिती पालटली की बेत बदलणे, या मेंदूच्या क्षमतांना मिळून कार्यकारी नियंत्रण म्हणतात. कपाळामागील अग्रललाट बाह्यक हा त्याचा मुख्य आधार. खोलवरच्या बेसल गँगलिया आणि थॅलॅमसशी त्याची सतत देवाणघेवाण चालते.

कार्यस्मृती (काम चालू असताना माहिती डोक्यात धरणे), ऊर्मिरोध (उसळलेली ऊर्मी आवरणे) आणि लवचिकता (बेत बदलणे) हे याचे तीन घटक सहसा मानले जातात. सांगलीत पुराच्या दिवसांत ते तिन्ही एकाच घरात दिसतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. नदीकाठच्या घरात आधी जनावरे हलतात, मग धान्याची पोती माळ्यावर जातात, रेशनकार्ड नि सातबारा पिशवीत पडतात, पाणी जोत्याला लागण्याआधी मेन स्विच बंद होतो. पुलावर किती फूट झाले आणि आपल्या दाराशी कितीला लागते, हे दोन्ही आकडे हात चालू असताना डोक्यात धरावे लागतात. गल्ली पाणी बघायला पळाली तरी हातातले पोते सोडायचे नाही. सगळ्यांत अवघड असते ते जुना ठोकताळा सोडणे. 2019 मध्ये पाणी 2005 च्या खुणेच्याही वर चढले. त्या खुणेवर विसंबलेल्यांची तारांबळ उडाली. हा काही आजार नव्हे, धडधाकट मेंदूलाही ते जड जाते.

ललाटखंडाला, म्हणजे अग्रललाट बाह्यक ज्यात येतो त्या मेंदूच्या पुढच्या भागाला, इजा झाली की जुना ठोकताळा सोडणे जवळपास अशक्य होऊ शकते. 1948 मध्ये मांडलेल्या विस्कॉन्सिन चाचणीत पत्ते रंग, आकार किंवा संख्येनुसार लावायचे असतात आणि नियम न सांगता बदलतो. मेंदू-मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी 1963 मध्ये दाखवले, की ललाटखंडाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण चूक कळूनही जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतात. कळते पण वळत नाही, ते असे. 1848 मध्ये डोक्यातून लोखंडी कांब आरपार गेलेल्या फिनिअस गेजचे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या स्वभावबदलाच्या कथा सांगोवांगी बऱ्याच फुगल्या आहेत.

अग्रललाट बाह्यक पक्व व्हायला पंचविशी उजाडते. पुढे पक्षाघात, डोक्याला मार, स्मृतिभ्रंश यांत कार्यकारी नियंत्रण बिघडू शकते. बुद्ध्यंक मात्र शाबूत राहू शकतो, त्यामुळे घरचे अशा माणसाला आळशी ठरवून मोकळे होतात. दवाखान्यातल्या शांत खोलीत एकेक काम सांगितले, तर तो ते नीटही करतो. म्हणून डॉक्टर घरच्यांनाही विचारतात: गोळ्या आठवणीने घेतात का, स्वयंपाक अर्धवट सोडून उठतात का, बाजाराला गेले तर ठरलेले सामान घेऊन येतात का.